बाळाच्या जांघेतली नाडी बघितली का? महाधमनीच्या कमानीचे जन्मजात दोष ओळखण्यापासून ऑपरेशनपर्यंत

आमच्या पोराचं ऑपरेशन झालं तेव्हा तो अकरा दिवसांचा होता, आता दुसरीत आहे आणि शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळतो. तेव्हापासून सोलापुरात किंवा जिल्ह्यात कुणाच्या बाळाला महाधमनीचं काही निघालं की कुणी ना कुणी आमचा नंबर देतं, आणि समोरचा माणूस इतका घाबरलेला असतो की फोनवर सांगितलेलं निम्मंसुद्धा त्याच्या डोक्यात राहत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, पण या सात वर्षांत जे जे डॉक्टर आणि सिस्टर भेटल्या त्यांना विचारून विचारून हे समजून घेतलंय. औषधांचे डोस मुद्दाम लिहीत नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आईबापाच्या हातात काय असतं तेवढं सांगतो.

आधी ही कमान म्हणजे काय ते बघा. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून जी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी निघते ती महाधमनी, डॉक्टर एओर्टा म्हणतात. ती आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि मणक्याला धरून खाली पोटाकडे उतरते. ते वळण म्हणजे कमान, आर्च. कमानीवरनं डोक्याला आणि दोन्ही हातांना रक्त नेणाऱ्या फांद्या फुटतात, आणि कमान उतरून खाली गेली की किडनी, आतडी, पाय. बाळ पोटात अगदी दीड-दोन महिन्यांचं असताना ही कमान तयार होते. सुरुवातीला दोन्ही बाजूंना नळ्यांच्या जोड्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा विरघळून जातात आणि साधारणपणे डावीकडची चौथी नळी कमान म्हणून उरते. आता जी विरघळायला पाहिजे होती ती राहिली, किंवा जी राहायला पाहिजे होती तीच विरघळली, की दोष तयार होतो. आईने काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, जिना चढली का, याचा काडीचाही संबंध नाही. हे पहिल्यांदा लिहितोय कारण आमच्या घरात पहिले चार दिवस हीच चर्चा चालू होती आणि बाळंतीण बिचारी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे कोआर्क्टेशन, कमान संपता संपता महाधमनी अरुंद झालेली असते. दर दहा हजार जन्मांत साधारण ४ बाळांना हे असतं. आपल्याकडे उजनीवरनं पाण्याची लाइन येते ना, ती मेन लाइन मध्येच चेपली तर काय होईल? चेपलेल्या जागेच्या अलीकडच्या वस्तीला पाणी फुल प्रेशरने, पलीकडच्या वस्तीच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि पंपावर लोड. इथे पंप म्हणजे हृदय, अलीकडची वस्ती म्हणजे डोकं आणि हात, पलीकडची म्हणजे पोट, किडनी, पाय. दुसरा दोष त्याहून गंभीर, कमान मध्येच तुटलेली असते, इंटरप्टेड आर्च, म्हणजे लाइनच नाही. आणि तिसरा प्रकार एकदम वेगळा, त्यात रक्त नीट जातं पण रक्तवाहिन्यांची अंगठी तयार होऊन मध्ये श्वासनलिका आणि अन्ननलिका आवळली जाते. याला व्हॅस्क्युलर रिंग म्हणतात. कमान दोन्ही बाजूंनी असली तर डबल आर्च. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण ती पोरं वेगळ्याच रस्त्याने, दम्याच्या औषधांतून फिरत फिरत येतात.

आता खरी अडचण काय ती समजून घ्या. पोटात असताना बाळाला फुप्फुसाकडची रक्तवाहिनी आणि महाधमनी जोडणारी एक जादा नळी असते, डक्टस. जन्मल्यावर पहिले काही दिवस ती उघडी असते, त्यामुळे कमान अरुंद किंवा तुटलेली असली तरी खालच्या अंगाला रक्त मिळत राहतं. बाळ गुलाबी, दूध पितंय, शी-शू करतंय, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. दोन-तीन दिवसांत ही नळी आकसायला लागते, पूर्ण बंद व्हायला कधी दोन-तीन आठवडेही लागतात. ती बंद झाली की खालचं रक्त अचानक तुटतं. म्हणजे बाळ दवाखान्यात असताना चांगलं आणि घरी आल्यावर, बारशाच्या आसपास, एकदम कोसळतं. आमचं अगदी असंच झालं. नवव्या दिवशी सकाळी सासूबाई तेल लावताना म्हणाल्या, हात गरम आहेत आणि पाय कसे काय बर्फासारखे गार. दुपारपर्यंत दूध सोडलं, लंगोट सकाळपासून कोरडा, संध्याकाळी पोट उडायला लागलं. पहिल्या दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून सलाईन लावलं. दुसरीकडे नेलं तिथल्या डॉक्टरांनी काही न बोलता आधी बाळाच्या जांघेत दोन बोटं ठेवली, मग दंडाला, परत जांघेत, आणि म्हणाले याला इन्फेक्शन नाही, पायाची नाडीच लागत नाही. सगळं त्या दोन बोटांवर वळलं.

म्हणून पहिलं काम. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, जांघेतली नाडी बघितली का, दोन्ही बाजूंची. विचारायला लाजू नका, दहा सेकंदांचं काम आहे आणि चांगला डॉक्टर रागावत नाही. पण पहिल्या दिवशी नाडी चांगली लागली म्हणजे मिटलं असं नाही, ती जादा नळी उघडी असल्यामुळे लागू शकते. म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी दाखवायला न्याल तेव्हा परत, आणि दीड महिन्याच्या लसीला परत.

घरी स्वतः बघायची असेल तर अशी बघा. बाळ शांत पाहिजे, झोपलेलं किंवा दूध पिऊन निवांत, रडणाऱ्या बाळाची नाडी सिस्टरलासुद्धा लागत नाही. हात चोळून गरम करून घ्या. बाळाला उताणं ठेवून लंगोट सोडा, मांड्या जराशा बाहेरच्या बाजूला करा. मांडी आणि पोट जिथे मिळतं त्या घडीच्या साधारण मध्यावर तर्जनी आणि मधलं बोट अगदी हलकं टेकवा. दाबायचं नाही, दाबलं की ठोका बोटाखालीच मरतो, सगळ्यांची हीच चूक होते. लागलं नाही तर बोट केसभर आत-बाहेर सरकवा आणि थांबा. ठोका सापडला की दुसऱ्या हाताने बाळाच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची नाडी धरा. दोन्ही ठोके एका वेळी आणि सारख्या जोराने आले पाहिजेत. हाताचा टणटणीत आणि जांघेतला पुसट, किंवा मागनं येतोय, किंवा दोन-तीन वेळा बघूनही लागतच नाही, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. तुम्हाला नाही लागली म्हणजे बाळाला दोष आहेच असं अजिबात नाही, सवय नसते म्हणून बऱ्याचदा लागत नाही. दाखवून खात्री करून घ्यायची एवढंच.

दुसरी तपासणी ऑक्सिमीटरची. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो तेच, पण बाळाचा सेन्सर वेगळा असतो, चिकटपट्टीचा. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला लावून बघतात. दोन्ही आकड्यांत ३ पेक्षा जास्त फरक नको आणि ऑक्सिजन ९५ किंवा वर पाहिजे. उजवाच हात का, तर त्याची फांदी कमानीवर सगळ्यात आधी निघते, अरुंद जागेच्या अलीकडे. ही तपासणी स्वस्त आणि फार कामाची, पण नुसतं कोआर्क्टेशन असेल तर यात पास होऊन निसटू शकतं, म्हणून हिच्यावर भरवसा ठेवून नाडी सोडायची नाही.

तिसरं, चारही हातापायांचं बीपी. पट्टा बाळाच्या मापाचा पाहिजे, मोठा पट्टा लावला की आकडा खोटा येतो. पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं. उलटं झालं, म्हणजे उजव्या हाताचं पायापेक्षा २० किंवा त्याहून जास्त, तर कोआर्क्टेशनचा संशय पक्का धरायचा. पण बाळ अगदी गळून गेलेलं असेल तर हृदयातच जोर नसतो, तेव्हा हाताचं बीपीही पडलेलं असतं आणि फरक दिसत नाही. हे माहीत असू द्या, फरक नाही म्हणून कुणी निश्चिंत झालं तर आठवण करून द्या.

घरी काय दिसलं की एक मिनिट थांबायचं नाही ते सांगतो. दूध पिताना दमतंय, कपाळावर घाम, दोन घोट घेऊन सोडतंय. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा वर गेले तर जास्त. अंगाचा रंग राखाडी, पाय गार, लंगोट सहा-आठ तास कोरडा. हे दिसल्यावर गुटी, वाफ, नजर काढणं यात तास घालवू नका. आणि पोटावर बिब्बा घालणं किंवा डाग देणं तर कृपा करून नकोच, मोहोळकडच्या एका बाळाच्या पोटावर असे पाच चट्टे मी स्वतः बघितलेत, ते बाळ आधीच तळमळत होतं. आजी-मावश्या प्रेमापोटीच करतात, पण रक्तवाहिनी अरुंद आहे ती बाहेरून भाजून उघडत नाही.

दवाखान्यात संशय आला की एक औषध असतं, प्रोस्टाग्लँडिन. ते बंद होत चाललेली डक्टस नळी परत उघडायला लावतं आणि खालच्या अंगाला रक्त परत सुरू होतं. इंजेक्शन पंपावर थेंब थेंब सतत चालू ठेवावं लागतं, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध आहे, आणि त्याने बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो म्हणून श्वासाचं मशीन तयार लागतं. ऑपरेशनच्या गावाला न्यायच्या आधी हे सुरू झालं पाहिजे, पुण्यात गेल्यावर बघू असं नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायला उशीर असेल तरी संशय पक्का असला तर डॉक्टर हे आधी सुरू करतात, घाबरून नको म्हणू नका. आमच्या बाळाला सुरू केल्यावर दोन तासांत लघवी झाली. तेवढ्या एका ओल्या लंगोटासाठी आम्ही आयसीयूच्या बाहेर उभे राहून सिद्धेश्वराला हात जोडले होते.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, चार-पाच तास धरा. साधी गाडी चालत नाही. १०८ ला फोन करा किंवा दवाखान्यालाच नवजात बाळाची सोय असलेली गाडी मागवायला सांगा, आणि निघायच्या आधी चार गोष्टी तोंडाने विचारून घ्या: सोबत डॉक्टर कोण येतंय, इंजेक्शनच्या पंपाची बॅटरी किती तास चालेल, जादा औषध भरून घेतलंय का, ऑक्सिजन पुण्यापर्यंत पुरेल का. तिकडे आयसीयूत बेड पक्का आहे हे डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं पाहिजे, नातेवाइकाने ओळखीने नाही. बाळाला ऊब पाहिजे. आणि बाळंतीण सिझेरियनमुळे सोलापुरातच राहिली तर दूध आटू देऊ नका, दर दोन-तीन तासांनी पंपाने काढत राहायचं, ऑपरेशननंतर तेच लागणार आहे.

पैशाचं बोलतो, कारण अर्धा जीव त्यातच जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना, आपली जीवनदायी, २०१२ ला जेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं त्यात बसतात, पण योजनेतलंच हॉस्पिटल पाहिजे. दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, पैसे भरायच्या आधी तिथे जा. बाळाचं आधार नसतं म्हणून अडून राहू नका, जन्माचा दाखला किंवा दवाखान्याचा कागद, आईबापाचं आधार आणि रेशन कार्ड घ्या, आणि तातडीच्या केसला फोनवरनं मंजुरी मिळते का ते विचारा. दुसरा रस्ता आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यांच्या टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा तपासायला येतात, आशाताईला किंवा अंगणवाडी ताईला सांगितलं की त्या टीमशी गाठ घालून देतात. तातडी नसेल तर हा रस्ता उत्तम. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत करतं, फक्त आधी फोन करून रिपोर्ट पाठवून मग जा, तसंच गाठोडं घेऊन निघू नका.

तपासण्यांमध्ये मुख्य इको, आपल्याकडे टूडी इको म्हणतात. छातीवर जेल लावून सोनोग्राफीसारखं, दुखत नाही. मोठ्या माणसांचा इको करणारे डॉक्टर आणि लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर यात फरक असतो, कमान बघायला गळ्याच्या खळगीतून वरून बघावं लागतं आणि ते रोज करणारा माणूस पाहिजे. सोलापुरात बाहेरगावचे मुलांचे हृदयतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी ओपीडीला येतात, सिव्हिलमध्ये किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी केली की वार कळतो. इकोत सगळं स्पष्ट दिसलं नाही तर सीटी अँजिओ. त्यात शिरेतून औषध सोडून काही सेकंदांत कमानीचा पूर्ण त्रिमितीय फोटो निघतो, सर्जनला कुठे कापायचं ते त्यावरनं ठरवता येतं. आधी किडनीची रक्ततपासणी करतात, बाळाला थोडी गुंगी देतात आणि किती तास उपाशी ठेवायचं ते सांगतात, ते काटेकोर पाळा. तुटलेली कमान असेल तर जीन्सची तपासणी जरूर विचारा, यातल्या बऱ्याच बाळांना २२ नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा कमी असतो, त्यात कॅल्शियम घसरतं आणि प्रतिकारशक्ती कमी असू शकते, अशा बाळाला रक्त देताना रेडिएशन दिलेलं रक्त वापरतात. मुलीला कोआर्क्टेशन असेल तर टर्नर सिंड्रोमची (मुलींमधला गुणसूत्राचा दोष) तपासणी करायची का तेही विचारा.

आता ऑपरेशन. हे काल-परवाचं नाही, १९४४ ला स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड या सर्जनने कोआर्क्टेशनचं पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हा ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीनही नव्हतं. आजही साध्या कोआर्क्टेशनला ते मशीन बहुतेक लागत नाही. डाव्या पाठीकडून, बरगड्यांच्या मधून आत जातात, महाधमनीला वर-खाली चिमटे लावतात, अरुंद तुकडा कापून काढतात, डक्टस बांधून टाकतात आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवतात. आमच्याकडे मागावर धागा तुटला की कसा जोडतात तसं मला वाटायचं, पण सर्जननी कागदावर काढून दाखवलं की टोकाला टोक नुसतं जोडत नाहीत, कमानीच्या खालच्या बाजूला लांब तिरका छेद घेऊन खालची नळी त्यात रुंद करून बसवतात, म्हणजे बाळ वाढताना शिवण आवळत नाही. कमान सगळीच बारीक असेल, तुटलेली असेल किंवा हृदयात भोकही असेल तर मग छाती समोरून उघडून, मशीनवर, शरीर थंड करून आणि मेंदूला वेगळा रक्तपुरवठा चालू ठेवून करतात. ते मोठं काम आहे, वेळ आणि धोका दोन्ही जास्त.

सर्जनला भेटाल तेव्हा हे विचारा, वहीत लिहून न्या, समोर गेल्यावर काही आठवत नाही. छेद बाजूने की समोरून? कमानीचं माप किती, ती पुढे वाढेल का? हृदयात भोक आहे का, महाधमनीची झडप तीन पाकळ्यांची आहे की दोन? कोआर्क्टेशनच्या निम्म्याहून जास्त लोकांना ती दोन पाकळ्यांची असते. अशा नवजात बाळांची ऑपरेशनं इथे नेहमी होतात का, रात्री आयसीयूत कोण असतं? रक्त किती बाटल्या लागेल? आमच्या गल्लीतली चार पोरं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला रक्त द्यायला आली होती, ते उपकार मी विसरलेलो नाही. धोकेही विचारा, सही करताना वाचून करा. मणक्याला रक्त कमी पडून पायातली ताकद जाणं हे फार क्वचित होतं पण होतं. आवाजाची नस जवळूनच जाते, तिला धक्का लागला तर रडणं बसल्यासारखं येतं, बऱ्याचदा हळूहळू सुधारतं. छातीच्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं तर लिम्फची, म्हणजे आतड्यातली चरबी रक्तात नेणारी, नळी दुखावलेली असते, मग काही दिवस वेगळ्या चरबीचं दूध देतात. आणि ऑपरेशननंतर बीपी पडण्याऐवजी वाढतं, ते बघून आम्ही हादरलो होतो, पण पहिल्या काही दिवसांत असं होतंच, औषधाने आणतात. पोटाला एकदम रक्त सुरू झालेलं असतं म्हणून दूधही घाई न करता थोडं थोडं वाढवतात.

आता त्या आवळणाऱ्या अंगठीबद्दल. जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्यांची मुलगी, सव्वा वर्ष बाळदमा म्हणून मशीनची वाफ घेत होती. श्वास घेताना घरघर, दूध पिताना वाढायची, खोकला कुत्रं भुंकल्यासारखा, झोपताना मान मागे टाकून झोपायची कारण तशी श्वासनलिका मोकळी राहते, आणि सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू केल्यावर पोळीचा तुकडा अडकायला लागला. वाफेने कधीच फरक पडला नाही. ही खूण धरून ठेवा: दम्याची घरघर श्वास सोडताना जास्त असते आणि औषधाने कमी-जास्त होते, अंगठीची घरघर जन्मापासून, रोज, श्वास घेतानाही आणि औषधाला दाद न देणारी. छातीच्या एक्स-रेत कमान उजवीकडे दिसते किंवा श्वासनलिका दबलेली दिसते, बेरियम पाजून एक्स-रे काढला तर अन्ननलिकेला मागून खाच दिसते, पण पक्कं निदान सीटी अँजिओने. इकोमध्ये हवा आडवी येते, आणि अंगठीचा काही भाग रक्त नसलेल्या दोरीसारखा असतो तो दिसतच नाही, म्हणून इको नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर थांबू नका. ऑपरेशनमध्ये दोनपैकी लहान कमान किंवा ती दोरी कापून अंगठी मोकळी करतात, बोस्टनला रॉबर्ट ग्रॉसने हे १९४५ मध्येच केलं होतं. एक सांगून ठेवतो, घरघर दुसऱ्या दिवशी बंद होत नाही. इतके दिवस दाबून श्वासनलिकेच्या कड्या मऊ झालेल्या असतात, त्या कडक व्हायला काही महिने, कधी वर्ष लागतं. त्या मुलीच्या आईला वाटलं ऑपरेशन फसलं, पण पुढच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत ती पोर भाकरीचा तुकडा शेंगा चटणीला लावून खात होती.

आणि उलटंही लक्षात ठेवा. कुठल्या तरी रिपोर्टमध्ये अ‍ॅबरंट राइट सबक्लेव्हियन लिहिलेलं असतं, म्हणजे उजव्या हाताची फांदी शेवटी निघून अन्ननलिकेच्या मागून गेलीय. शंभरात एखाद्या माणसाला असं असतं आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. त्रास नसेल तर ऑपरेशन नसतं. नुसता रिपोर्ट वाचून रडत बसू नका.

कोआर्क्टेशन मोठेपणीही सापडतं. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा, पळताना पोटऱ्या भरून येतात, पाय गार, डोकं दुखतं, नाकातनं रक्त येतं, आणि मेडिकलला बीपी जास्त निघतं. एवढ्या वयात बीपी निघालं की नुसती गोळी सुरू करू नका, पायाचं बीपी घ्यायला लावा. मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांना बऱ्याचदा मांडीच्या शिरेतून फुगा घालून, स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवून काम होतं, छाती उघडावी लागत नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे फाइल कपाटात टाकायची नाही. लहानपणी ऑपरेशन झालेल्या काही बाळांची जागा परत आवळते, बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, तेव्हा फुग्याने उघडतात. म्हणून सांगितलेल्या तारखा चुकवू नका, लग्नसराई असो की वारी. दर वर्षी उजव्या हाताचं आणि पायाचं बीपी, इको, आणि मोठं झाल्यावर मधूनमधून सीटी किंवा एमआरआय, हे जन्मभर. आम्ही फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, बीपी उजव्या हाताला घ्यावे. दात स्वच्छ ठेवा, दाताचं काही काम करायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मुलगी असेल तर पुढे तिच्या गरोदरपणाच्या आधी तपासणी लागेल, हे तिच्या फाइलमध्ये आणि तिच्या कानावर दोन्हीकडे असू द्या.

दुसऱ्या बाळाच्या वेळी पाचव्या महिन्यात नेहमीच्या सोनोग्राफीसोबत पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या, १८ ते २२ आठवड्यांत. दोष दिसला तर बाळंतपण सोलापुरात न करता जिथे ऑपरेशनची सोय आहे तिथेच करायचं, म्हणजे गाडी, पंप, बॅटरी ही सगळी धावाधाव वाचते. पण त्या इकोत कोआर्क्टेशन कधी कधी निसटतं आणि कधी नसताना वाटतं, म्हणून रिपोर्ट काहीही आला तरी जन्मल्यावर नाडी बघायचीच. आमच्या मुलीच्या वेळी रिपोर्ट चांगला होता. तरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, दहाव्या दिवशी, ती दूध पिऊन झोपली की मी हात चोळून गरम करायचो आणि दोन बोटं तिच्या जांघेत ठेवायचो. लागायची, टक टक टक, हाताबरोबरच.